एका नावाचे दोन पत्ते

बँकेच्या रोख खिडकीवर बसणाऱ्या नवख्या माणसाला कमी पडलेल्या रोकडीची भीती शिकवावी लागत नाही. ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते, एवढे पुरेसे असते. जास्त आलेल्या रोकडीची भीती मात्र मुद्दाम शिकवावी लागते. कारण जास्तीची रोकड म्हणजे कुणाच्या तरी खात्यावर चढायला हवी होती आणि चढली नाही, अशी रक्कम. ती कोणाची हे सापडेपर्यंत जुने अधिकारी शाखेचे शटर खाली ओढू देत नसत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा धडा माझ्या अंगात मुरला. निवृत्तीनंतर तो आमच्याच दुकानात उपयोगी पडेल, असे मात्र वाटले नव्हते.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे की धाराशिवच्या आमच्या वडिलोपार्जित कापड दुकानाची गादी धाकटा भाऊ सांभाळतो. मी बँकेत गेलो, तो दुकानात राहिला. गेल्या उन्हाळ्यातील लग्नसराईत, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात, तो एका रात्री घरी आला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "दादा, माल जातोय. पुस्तकात सहा साड्या दिसतात आणि कपाटात दोनच सापडतात. सांगायलाही लाज वाटते, पण त्या विभागाला तोच एक माणूस आहे."

तो माणूस म्हणजे आमच्याकडे बावीस वर्षे काम करणारा सेल्समन. त्याच्या दोन मुलींच्या लग्नाचे कपडे आमच्याच दुकानातून गेले होते. मी भावाला एवढेच विचारले, "रोकड कशी येते आहे?" तो म्हणाला, "रोकड उलट जास्तच येते. जुनी उधारी वसूल झाली असेल आणि नोंदवायची राहिली असेल."

येथे मला खिडकीवरचे दिवस आठवले. माल कमी आणि रोकड जास्त, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तक्रारी म्हणून भाऊ सांगत होता. वस्तुतः त्या एकत्र ठेवल्या तर त्यांचा अर्थ सरळ निघत होता. माल विकला गेला होता, पैसा आला होता, फक्त नोंद कुठेतरी हरवली होती. चोराने माल नेला असता तर गल्ला वाढला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन बसलो. नशिबाने तुळजापूरकडचा एक छोटा व्यापारी उधारी फेडायला आला. खतावणीत त्याच्या नावावर काहीच बाकी दिसेना. "नाही" म्हटले असते तर तो हसत परत गेला असता. परंतु त्याने खिशातून आमचेच छापील बिल काढून पुढे ठेवले. बिलाचा क्रमांक गादीवरच्या संगणकात घातला, तर त्याच क्रमांकावर धाराशिवमधील एका गिऱ्हाइकाच्या दोन साड्यांचे बिल निघाले. एकच क्रमांक, एकच तारीख, दोन बिले, दोन माणसे. एकाच क्रमांकाचे दोन चेक शाखेत आले तर अधिकाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो, तोच माझ्या पोटात आला.

आता थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या दुकानात बिले करणारे तीन संगणक आहेत, दोन तळमजल्यावर आणि एक वरच्या मजल्यावर. चौथा गादीवर. बिलांचा प्रोग्राम दुकानात नसून बाहेर भाड्याने घेतलेल्या मोठ्या संगणकावर आहे. दुकानातील यंत्रे त्याला इंटरनेटवरून, आमच्या दुकानाच्या नावाने, हाक मारतात. पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने हौसेने या प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार केली आणि दोन दिवसांच्या सुट्टीत ती तपासण्यासाठी माळ्यावरच्या जुन्या संगणकात खऱ्या हिशेबाची एक प्रत उतरवून ठेवली. तपासून तो पुण्याला परत गेला. येथवर सर्व रीतीप्रमाणेच होते.

तळमजल्यावरील दोन संगणकांवर मी एकच साधी कृती केली. विंडोजमधील काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द आणि त्यापुढे आमच्या प्रोग्रामचे नाव लिहिले. ही आज्ञा त्या नावाचा पत्ता शोधून पहिल्याच ओळीत दाखवते. पलीकडून उत्तर न आले तरी हरकत नाही, आपल्याला पत्ता तेवढा हवा असतो. पहिल्या यंत्राने बाहेरचा एक पत्ता दाखवला. दुसऱ्याने, म्हणजे त्या सेल्समनच्या यंत्राने, दाखवला १९२.१६८.१.५०. हा पत्ता बाहेरचा असूच शकत नाही. तो घरातला आहे. तो आमच्या माळ्यावर होता.

पुतण्याला फोन केला. क्षणभर तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, चूक माझी. होस्ट्समधली ओळ काढायची राहिली."

ही ओळ म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. आज जवळपास प्रत्येक पेढीवर कुणाचा तरी मुलगा, जावई किंवा बाहेरून बोलावलेला तंत्रज्ञ नवा प्रोग्राम 'जरा तपासून' पाहत असतो.

नाव आणि पत्ता यांतील फरक धाराशिवच्या माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. सातव्या निजामाच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले. रेल्वे स्टेशनची पाटी त्यानंतरही बराच काळ जुनीच होती. पण टपालाचा पिनकोड ४१३५०१ तसाच राहिला आणि गाड्यांवरील एमएच २५ ही तसेच राहिले. म्हणून जुन्या नावाने आलेली पत्रेही पोहोचत राहिली. टपाल खात्याच्या दृष्टीने नाव माणसांसाठी असते, पोहोचवण्याचे काम आकडा करतो. याच्या उलटही घडते. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यात तिच्या शाखा गावोगाव होत्या. शाखेची इमारत तीच, खिडकीवरचा चेहराही तोच, पण पुढे अनेक शाखांचे अकरा अक्षरांचे आयएफएससी संकेतांक बदलले. ज्यांनी धनादेशांच्या छापील पुस्तकांवर आणि ग्राहकांना द्यायच्या चिठ्ठ्यांवर जुना संकेतांक छापून ठेवला होता, त्यांची धावपळ आठवते.

नाव एका जागी आणि पत्ता दुसऱ्या जागी गेला की काय होते, याचे आपल्याच जिल्ह्यातील थोर उदाहरण तेर हे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून भडोचच्या बंदराला कापड जाई. नाव पुस्तकात राहिले, पत्ता हरवला. विद्वानांनी तगर कधी देवगिरीला नेले, कधी जुन्नरला. ते आपले तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर त्या नावाचे उत्तर मिळायला बरीच शतके लागली. आपल्या यंत्रांना ते क्षणाच्या अंशात मिळते. म्हणूनच ते चुकीचे मिळाले तर लक्षात येत नाही.

इंटरनेटच्या पूर्वजाची, अर्पानेटची, सुरुवातही अशाच एका यादीने झाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट जाळ्यातील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एका फाइलीत लिहून ठेवी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी विभागून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. आज आपण कोणतेही संकेतस्थळ उघडतो तेव्हा तीच काम करते. परंतु जुनी यादी नाहीशी झाली नाही. प्रत्येक संगणकाच्या पोटात तिची एक छोटी वही अद्याप आहे आणि तिचे नावही तेच आहे, होस्ट्स. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवरील विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स आणि इटीसी अशा एकात एक कप्प्यांत सापडते. या वहीचा अधिकार मोठा आहे. तिच्यात एखाद्या नावापुढे पत्ता लिहिलेला असेल तर संगणक बाहेर कुणालाच विचारत नाही. घरच्या वहीत लिहिले ते खरे.

पुतण्याने त्या यंत्राच्या वहीत आमच्या प्रोग्रामच्या नावापुढे माळ्यावरचा पत्ता लिहिला होता. दोष द्यायचा तर आधी त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. नव्या आवृत्तीची खरी परीक्षा खऱ्या नावानेच होते. प्रवेशाचे पान, छपाई, आतले दुवे, सगळे त्या नावाशी बांधलेले असतात. नुसत्या आकड्याने उघडून पाहिले तर सर्व ठीक दिसते आणि खऱ्या नावाखाली गेल्यावर अडते. म्हणून तपासणारे लोक एका यंत्रापुरते खरे नाव घरच्या पत्त्यावर वळवतात. पद्धत जगभर रूढ आहे. तिच्यातील धोका असा की पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. वर तेच नाव, आत तीच पाने, तेच ग्राहक, तीच बिलांची मालिका. आमचा सेल्समन चार दिवस प्रामाणिकपणे बिले करत होता, आणि ती सर्व माळ्यावरच्या नकली खतावणीत जात होती. ती नकली खतावणी खऱ्याची प्रत असल्यामुळे तिने पुढचे क्रमांकही तेच दिले, जे खरा प्रोग्राम दुसऱ्या दोन यंत्रांना देत होता. गादीवर दिवसाची एकूण विक्री दिसते, कोणत्या यंत्रावरून किती झाली हे वेगळे दिसत नाही. लग्नसराईत एकूण आकडा भरभक्कम होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

यावर पुतण्याशी माझे सविस्तर बोलणे झाले. काही गोष्टी त्याने मला शिकवल्या, काही मी त्याला.

पहिली गोष्ट नावाची. तपासणीच्या यंत्राला आकड्याने हाक मारू नये, हे त्याचे म्हणणे मला पटले. दुकानातील यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते मिळतात, ते खासगी जाळ्यांसाठी १९९४ पासून राखून ठेवलेले आहेत. गल्लोगल्ली 'घर क्रमांक ५' असावे तसे ते लाखो घरांत सारखेच असतात. शिवाय ते राऊटर वाटतो आणि वीज जाऊन आली की वाटप बदलू शकते. काल जो पत्ता बिलांच्या यंत्राचा होता, तो आज कॅमेऱ्याच्या पेटीचा किंवा कुणाच्या मोबाइलचा असू शकतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. म्हणून राऊटरमध्ये त्या यंत्रासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. राऊटर यंत्राला त्याच्या अंगभूत क्रमांकावरून ओळखतो आणि दर वेळी तोच पत्ता देतो. मग त्या पत्त्याला नाव द्यावे.

(येथे पत्ते देवनागरी अंकांत छापले आहेत. यंत्रावर इंग्रजी अंकच चालतात. मागे एका वाचकाने प्रोग्रामचा सांकेतिक शब्द मराठी अंकांत टाकून दिवसभर खटपट केली होती, म्हणून सांगितले.)

नाव कोणते द्यावे, ही त्याहून महत्त्वाची बाब. मनाला येईल ते देऊ नये. तपासणीसाठी म्हणून जून १९९९ मध्येच '.टेस्ट' हा शेवट राखून ठेवण्यात आला आहे. तो जगात कुणालाही विकत मिळणार नाही, हे त्यामागचे वचन आहे. '.लोकल' हा शेवट वेगळ्या कामासाठी आहे. त्यात यंत्रे कोणत्याही यादीशिवाय आपले नाव आपणच जाळ्यात पुकारतात आणि ते त्याच वायफायपुरते ऐकू येते. घरगुती वा कचेरीतील कायमच्या वापरासाठी '.इंटर्नल' हा शेवट २०२४ मध्ये राखून ठेवला गेला. असे राखीव शेवट सोडून दुसरा कोणताही शेवट आज रिकामा दिसला तरी उद्या कुणाचा तरी होऊ शकतो. जगभरातील प्रोग्रामर वर्षानुवर्षे तपासणीच्या नावांना '.डेव्ह' लावत असत. तो शेवट गूगलने रीतसर घेतला आणि २०१७ च्या अखेरीस त्यांच्या क्रोम ब्राउझरने अशा प्रत्येक नावाला सुरक्षित जोडणी सक्तीची केली. एका सकाळी असंख्य लोकांची घरची यंत्रे उघडेनाशी झाली. त्याहून भयंकर गोष्ट 'कॉर्प' या शब्दाची. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सूचनांमध्ये कचेरीच्या जाळ्याचे उदाहरण म्हणून तो शब्द होता आणि अनेक कंपन्यांनी तो तसाच ठेवला. परंतु 'कॉर्प.कॉम' हे खरे नाव एका अमेरिकन गृहस्थाने १९९४ मध्ये विकत घेऊन ठेवले होते. कंपन्यांतील माणसे लॅपटॉप घेऊन बाहेर पडली की त्यांची यंत्रे घरच्या जाळ्याला हाक मारत आणि ती हाक थेट या परक्या पत्त्यावर जाई, कधी सांकेतिक शब्दांसह. अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते नाव स्वतःच विकत घेतले. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आपल्या दुकानाची पाटी लावू नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. येथे जागा दिसत नाही एवढाच फरक.

मराठी नाव का देऊ नये, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. '.भारत' हा देवनागरी शेवट २०१४ मध्ये सुरू झाला आणि त्यात मराठीही आहे. पण यंत्राच्या आत अशा नावाचे रोमन अक्षरांतील विचित्र रूपांतर होते आणि होस्ट्सच्या वहीत ते रूपांतरच लिहावे लागते. तपासणीसाठी साधी रोमन अक्षरे बरी. दुकानाच्या पाटीसाठी मात्र '.भारत' अवश्य घ्यावे.

वहीत लिहिण्याच्या बारीकसारीक अडचणीही आहेत. ती उघडताना प्रशासकाचा अधिकार लागतो. नोटपॅडने जतन करताना नावापुढे गुपचूप '.टीएक्सटी' जोडले तर बदल झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात काहीच होत नाही. ओळ बदलल्यावरही संगणक आणि ब्राउझर जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात, म्हणून ती आठवण आज्ञा देऊन पुसावी किंवा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. ब्राउझरमध्ये नुसते नाव लिहिले तर तो ते शोधायला निघतो, त्यामुळे आरंभी 'एचटीटीपी' पूर्ण लिहावे. आणि तपासताना 'एनएसलुकअप' या आज्ञेवर विसंबू नये. ती घरची वही उघडतच नाही, थेट बाहेर विचारते. मी प्रथम तीच वापरली असती तर दोन्ही यंत्रांवर एकच पत्ता दिसला असता आणि मी निर्धास्त होऊन घरी गेलो असतो. पिंग आधी सुचले, हे केवळ नशीब.

मोबाइलवर तर ही वही सर्वसाधारण माणसाला हातच लावू देत नाही. दुकानात आता फोनवरूनही माल तपासला जातो. त्यासाठी नावाची नोंद प्रत्येक यंत्रात न करता एका जागी करावी लागते, राऊटरमध्ये ती सोय असल्यास तेथे, नसल्यास 'डीएनएसमास्क' सारखा विनामूल्य प्रोग्राम एखाद्या जुन्या संगणकावर चालवून. पुतण्याच्या मते हाच खरा मार्ग आहे, कारण नोंद एका जागी असली की काढायचीही एकाच जागी असते. माझाही कल इकडेच झाला. फक्त फोनमध्ये 'खासगी डीएनएस' आणि ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' चालू असेल तर ती यंत्रे घरच्या यादीला वळसा घालून बाहेर विचारतात आणि 'माझ्याकडे उघडत नाही' अशी तक्रार येते. पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय जोडले असेल तरी तेच.

मी त्याला शिकवलेली गोष्ट जुनी आहे. बँकेत प्रशिक्षणाच्या धनादेशावर आडवा 'नमुना' शिक्का असे. तो शिक्का मारल्याशिवाय प्रशिक्षणाचा कागद खोलीबाहेर जात नसे. तपासणीच्या प्रतीचा पडदा वेगळ्या रंगाचा हवा, तिची बिले वेगळ्या अक्षरांनी सुरू व्हायला हवीत आणि छापील कागदावर 'नमुना' हा शब्द हवा. खरे नाव वळवणे अगदीच अटळ असेल तर दुकान बंद झाल्यावर वळवावे आणि शटर उघडण्यापूर्वी परत करावे. ओळ लिहिणाऱ्याने कागदी वहीत तारीख, यंत्र आणि काढण्याचा दिवस लिहावा आणि ओळ निघाल्याची सही दुसऱ्याने करावी. पुतण्याला हे कागदी काम जुनाट वाटले. मी त्याला एवढेच विचारले की चार दिवसांची बिले पुन्हा चढवायला त्याला किती वेळ लागला.

होस्ट्सच्या या वहीबद्दल बँकेच्या माणसाने आणखी एक इशारा द्यायलाच हवा. जी सोय तपासणाऱ्याची, तीच चोराचीही. यंत्रात शिरलेला दुष्ट प्रोग्राम या वहीत आपल्या बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहू शकतो. वर नाव बरोबर दिसते, पान मात्र नकली असते. अशा वेळी सुरक्षिततेच्या कुलपाची चूक दाखवणारा इशारा ब्राउझर देतो. तो 'पुढे जा' म्हणून कधीही ओलांडू नये. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांना '.बँक.इन' हा राखीव शेवट घ्यायला लावला, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली आणि नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवले. मिळत्याजुळत्या नावांची फसवणूक त्याने रोखली जाईल. पण घरच्या वहीतच खोटा पत्ता असेल तर खरे नावही वाचवू शकत नाही. महिन्यातून एकदा ती वही उघडून पाहावी. साध्या विंडोज यंत्रात '#' या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी असतात. त्याव्यतिरिक्त एखादी ओळ दिसली तर ती कुणी आणि का लिहिली, हे विचारावे.

आमच्या बिलांचे पुढे काय झाले? जीएसटीच्या ४६ व्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, ओळीने आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. आमच्याकडे एकेका क्रमांकाची दोन बिले बाजारात गेली होती. सुदैवाने महिना संपला नव्हता आणि विवरणपत्र जायचे होते. कर सल्लागारांना बसवून माळ्यावरची बिले वेगळ्या मालिकेत खऱ्या पुस्तकात घेतली. तुळजापूरच्या व्यापाऱ्यासारख्या नोंदणीकृत ग्राहकांना फोन करून जुना कागद परत घेतला आणि नवा दिला. दोघे जण नाराज झाले, बाकीच्यांनी समजून घेतले. बिले चढल्यावर साड्यांची संख्या कपाटाशी जुळली आणि गल्लाही रुपयापर्यंत जुळला.

सेल्समनला काही सांगावे की नाही, यावर भावाचे आणि माझे दोन दिवस मतभेद राहिले. भावाचे म्हणणे, मी त्याला विचारले नाही, आळ घेतला नाही, मग सांगायचे काय? माझे म्हणणे, मनात घेतलास ना. शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने चहा मागवला आणि सगळे सांगितले, माळ्यावरच्या संगणकासह.

त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "शेठ, मला कळलं होतं. त्या आठवड्यात तुम्ही माझं कपाट रोज रात्री दोनदा मोजत होतात."